पटावरचे दाणे आणि एक वीस अंकी संख्या

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असेल. कुणी आजीकडून, कुणी शाळेतल्या गुरुजींकडून. हिंदुस्थानात म्हणे एक राजा होता. त्याला एका बुद्धिमान गृहस्थाने बुद्धिबळाचा खेळ करून दिला. राजा खूश झाला नि म्हणाला, "माग, काय हवे ते माग." त्याने मागितले काय, तर गहू! पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, असे दर घरात मागच्याच्या दुप्पट. चौसष्ट घरे भरली की मी भरून पावलो. राजा हसला. त्याला वाटले, एक पोतेभर गव्हावर हा वेडा समाधान मानतो आहे. मग कोठीवाल्याने हिशेब मांडला, आणि राजाचे हसू मावळले.

तेराव्या शतकात अरबीत लिहिणारा चरित्रकार इब्न खल्लिकान ह्याने ही गोष्ट सांगताना त्या गृहस्थाचे नाव सिस्सा आणि राजाचे नाव शहराम असे दिले आहे. गोष्ट अशी घडली असे मानायला काही आधार नाही. राजा असेल नसेल. हिशेब मात्र खरा आहे, आणि आज मला त्या हिशेबातून निघणाऱ्या संख्येविषयीच बोलायचे आहे. कारण ह्या एका संख्येच्या पोटात आणि तिच्या अगदी शेजारी मोठमोठ्या गणित्यांची फजिती आणि पराक्रम दोन्ही दडलेले आहेत.

आधी गहूच मोजू. चांगल्या पोसलेल्या गव्हाचे हजार दाणे घेतले तर वजन सुमारे चाळीस ग्रॅम भरते. म्हणजे किलोत पंचवीस हजार दाणे. आता पटाची पहिली ओळ, आठ घरे. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. बेरीज २५५. दहा ग्रॅम गहू! चिमणीपुढे टाकायचे. दुसरी ओळ संपली म्हणजे एकूण दाणे ६५,५३५. वजन अडीच किलोंच्या थोडे वर. चार माणसांच्या घरात दोन-तीन दिवसांच्या पोळ्या झाल्या. तिसरी ओळ संपताना पावणेसात क्विंटलच्या आसपास. हे एखाद्या शेतकऱ्याच्या खळ्यावरही दिसेल. चौथी ओळ संपली, म्हणजे बरोबर अर्धा पट भरला, की एकूण सतराशे अठरा क्विंटल. दहा टनांचे सतरा ट्रक. राजाच्या कोठीला हे मुळीच जड नाही. तेव्हा अर्ध्या पटापर्यंत राजाचे हसणे अगदी रास्त होते, हे मी मुद्दाम सांगतो. आपल्याकडे सावकारीत दामदुप्पट हा शब्द आहे. व्याज मुद्दलाइतके झाले की थांबायचे, असा जुना संकेत. ह्या राजाने एकदा नव्हे, त्रेसष्ट वेळा दामदुप्पट कबूल केली होती, आणि पहिल्या एकतीस वेळांत त्याला काहीच कळले नाही.

उरलेला अर्धा पट मात्र सारे खाऊन टाकतो. पूर्ण पटाचे वजन होते सुमारे ७३ हजार ८०० कोटी टन. अलीकडच्या वर्षांत साऱ्या जगात मिळून वर्षाला सुमारे ऐंशी कोटी टन गहू पिकतो. म्हणजे आजच्या जगाचे नऊशे वर्षांहून अधिक काळाचे सारे पीक एका पटावर! आणि तेसुद्धा एक दाणाही कुणी खाल्ला नाही तर.

दाण्यांची नेमकी संख्या काढायची कशी? चौसष्ट आकडे लिहून बेरीज करत बसायची गरज नाही. शेजारच्या घरातून एक दाणा उसना आणा आणि पहिल्या घरातल्या दाण्याजवळ ठेवा. झाले दोन. दुसऱ्या घरातही दोनच आहेत. ते मिळवले, झाले चार. तिसऱ्या घरातले चार मिळवले, आठ. असे दर घराला दुप्पट होत जाते, आणि चौसष्टावे घर संपले की आपल्या हाती १ ची चौसष्ट वेळा दुप्पट, म्हणजेच २ चा ६४ वा घात असतो. मग उसना दाणा परत करायचा. उरतात इतके:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

वीस अंकी संख्या. आवाजात सांगायची तर १ लक्ष ८४ हजार ४६७ कोटी-कोटी, त्यावर ४४ लक्ष ७ हजार ३७० कोटी, आणि वर ९५ लक्ष ५१ हजार ६१५. आपल्या जुन्या गणित्यांना मोठ्या संख्यांची भीती नव्हती. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती लिहिली, त्यात एकं, दहं, शतं असे करत अठरा स्थानांना अठरा नावे दिली आहेत. कोटी झाले, खर्व-निखर्व झाले, शंकू आणि जलधी झाले, शेवटचे नाव परार्ध. आपली संख्या त्या शेवटच्या नावापलीकडे दोन घरे जाते. १८४ परार्ध आणि वर काही, असे तिचे माप.

भास्कराचार्यांचे नाव काढले ते केवळ ह्या नावांसाठी नव्हे. लीलावतीत नेमके ह्याच जातीचे एक उदाहरण आहे. कुणी दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देईन म्हणून वचन दिले. महिन्याभरात त्याने किती निष्क दिले? पहिल्या दिवसाला दोन कवड्या, तिसाव्या दिवशी काय होईल ते बघा. एकूण कवड्या २,१४,७४,८३,६४६. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. म्हणजे उत्तर १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. दोन कवड्यांत सुरू झालेले दान लाखभर निष्कांवर गेले. शिक्षकमित्रांनी हे उदाहरण पाचवी-सहावीच्या वर्गात जरूर घालावे. मुले हिशेब करतात आणि स्वतःच दचकतात.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तिथे दिलेली रीत. दुप्पट करत करत तीस किंवा चौसष्ट पायऱ्या चढायच्या नाहीत. पदांची संख्या सम असेल तर ती अर्धी करा आणि बाजूला 'वर्ग' लिहा. विषम असेल तर एक कमी करा आणि 'गुण' लिहा. मग शेवटाकडून उलटे या. ही कल्पना फार जुनी आहे, पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंचे प्रकार मोजताना तीच येते. चौसष्टाला लावून पाहा. ६४, ३२, १६, ८, ४, २, १. सहा वेळा 'वर्ग' आणि शेवटी एक 'गुण'. म्हणजे २ घ्या आणि सहा वेळा वर्ग करा. २ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६, २५६ चा ६५,५३६, त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, आणि त्याचा वर्ग म्हणजे आपली वीस अंकी संख्या, एक दाणा अधिक. त्रेसष्ट दुपटींचे काम सहा गुणाकारांत संपले.

खुद्द पटाचा हिशेब अशाच वर्गाच्या पायऱ्यांनी अल्बेरुनीने केला. हा ख्वारिझमचा पंडित, जन्म ९७३ चा. पुढे महमूद गझनीच्या काळात तो हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला, पण त्याआधीच, सन १००० च्या सुमारास, निरनिराळ्या लोकांच्या कालगणनेवर त्याने एक ग्रंथ लिहिला होता. त्यात बुद्धिबळाच्या पटाची ही बेरीज शेवटच्या अंकापर्यंत अचूक दिली आहे. हजार वर्षांपूर्वी, हाताने. मी स्वतः ती कागदावर करायला बसलो, तेव्हा दोनदा चुकलो.

इथपर्यंत झाला हिशेब. आता ही संख्या फोडून पाहू.

शाळेत आपण शिकतो की दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्यांच्या पायांची बेरीज गुणिले वजाबाकी. सूत्र पाठ असते, पण ते कुठे उपयोगी पडते हे पुष्कळदा कळत नाही. पटावर ते डोळ्यांना दिसते. एका घराची बेरीज १. दोन घरांची ३. चार घरांची १५. आठ घरांची २५५. ह्यांचे नाते असे: जितक्या घरांची बेरीज असेल, ती बेरीज गुणिले ती बेरीज अधिक दोन, म्हणजे दुप्पट घरांची बेरीज. ३ गुणिले ५ पंधरा. १५ गुणिले १७ दोनशे पंचावन्न. २५५ गुणिले २५७ बरोबर ६५,५३५, दोन ओळींचे दाणे. ६५,५३५ गुणिले ६५,५३७, अर्धा पट. आणि अर्ध्या पटाचे दाणे गुणिले त्याहून दोनने मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे पूर्ण पट.

तेव्हा पटाची संख्या सहा गुणकांचा गुणाकार झाली: ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. दर गुणक आपल्या मघाच्या वर्गांच्या साखळीतल्या संख्येहून एकने मोठा. हे सहा आकडे ध्यानात ठेवा. पुढची सारी हकीकत त्यांचीच आहे.

ज्या संख्येला एक आणि ती स्वतः ह्यांशिवाय कशानेच नि:शेष भाग जात नाही तिला मूळ संख्या म्हणतात. ३ मूळ आहे, ५ आहे, १७ आहे. २५७ ला २, ३, ५, ७, ११, १३ ह्यांनी भागून पाहिले की पुरते, तीही मूळ. ६५,५३७ साठी २५६ च्या आतल्या चौपन्न मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. एका संध्याकाळचे काम. तीही मूळच निघते. सहावी? ४२९ कोटींच्या ह्या संख्येला तपासायचे तर ६५,५३६ च्या आतल्या मूळ संख्या आल्या, त्या आहेत ६,५४२. इतके भागाकार कोण करणार?

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये तुलूझ शहरी पिएर द फर्मा नावाचा एक न्यायाधिकारी होता. दिवसभर कोर्टाचे काम, आणि उरल्या वेळात गणित. ह्या फावल्या वेळातल्या गणितानेच तो युरोपातल्या पहिल्या प्रतीच्या गणित्यांत जाऊन बसला. १६४० साली फ्रेनिक्ल नावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने हेच गुणक एकापुढे एक मांडले: ३, ५, १७, २५७, ६५,५३७, ४,२९,४९,६७,२९७, आणि पुढचा वीस अंकी १८४४६७४४०७३७०९५५१६१७. हा शेवटचा आकडा नीट ऐका. पटावरच्या दाण्यांहून बरोबर दोनने मोठा. फर्माने लिहिले की ह्या साऱ्या, आणि अशाच रीतीने पुढे येणाऱ्या सर्व संख्या मूळ आहेत अशी आपली जवळजवळ खात्री आहे. मात्र सिद्धता आपल्याजवळ नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे कबूल केले. चौदा वर्षांनी, १६५४ साली, त्याने हीच गोष्ट पास्कलला लिहिली. विश्वास ढळला नव्हता.

आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. स्वयंपाकघरात हे अगदी खरे आहे. पातेल्यातला सारा भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजतो; म्हणून एक शीत दाबले की कळते. फर्माने पाच शिते दाबून पाहिली होती, पाचही शिजलेली निघाली. पण संख्यांचे पातेले एक नसते. तिथे प्रत्येक शीत वेगळ्या चुलीवर चढलेले असते म्हणा ना! पाच खरे ठरले म्हणून सहावे खरे, असे म्हणायला काहीतरी कारण हाती हवे, आणि ते कारण फर्माजवळ नव्हते.

नव्वद वर्षे हे विधान तसेच राहिले. १ डिसेंबर १७२९ रोजी गोल्डबाख नावाच्या गणित्याने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीतल्या एका बावीस वर्षांच्या तरुणाला पत्र लिहिले आणि ताजा कलम म्हणून विचारले, फर्माचे हे म्हणणे आपल्याला ठाऊक आहे काय? तो तरुण होता लिओनार्ड ऑयलर. प्रथम त्याने हे फारसे मनावर घेतले नाही. गोल्डबाखने पुन्हा टोचले. मग मात्र ऑयलर फर्माचे लिखाण वाचू लागला, आणि १७३२ साली त्याने अकादमीपुढे सांगितले की सहावी संख्या मूळ नाही. तिला ६४१ ने नि:शेष भाग जातो.

४,२९,४९,६७,२९७ म्हणजे ६४१ गुणिले ६७,००,४१७.

साडेसहा हजार भागाकार त्याने केले नाहीत. त्याने आधी विचार केला की ह्या संख्येला अवयव असलाच तर तो कसल्या रूपाचा असेल. आणि त्याला आढळले की तो ६४ ने भागल्यावर बाकी १ उरणाराच असला पाहिजे. ह्याची सिद्धता त्याने पुढे प्रसिद्ध केली. मग उमेदवार उरले किती? ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. ह्यांतल्या मूळ संख्या तेवढ्या घ्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा भागाकार, आणि नव्वद वर्षांची समजूत संपली. फर्मालाही अवयवांचे असे रूप ओळखण्याच्या युक्त्या अवगत होत्या. मग पाच भागाकारांवरचे घबाड त्याला कसे दिसले नाही? माझा आपला तर्क असा की त्याने भागून पाहिले असावे आणि कुठेतरी हातचा चुकला असावा. तर्कच आहे हा.

६४१ ने भाग जातो हे लांबलचक भागाकाराशिवायही पटवता येते. ही युक्ती पुढच्या गणित्यांनी काढली. शिक्षकमित्रांनी खडू घ्यावा.

६४० ही ६४१ हून एकने लहान. म्हणून ६४० चा वर्ग वजा १ म्हणजे ६४१ गुणिले ६३९. त्याला ६४१ ने भाग जातो. तसाच ६४० चा चौथा घात वजा १ ह्यालाही जातो, कारण पुन्हा तेच वर्गांचे सूत्र. ही पहिली गोष्ट. आता ६४० म्हणजे ५ गुणिले १२८, आणि १२८ हा २ चा सातवा घात. म्हणून ६४० चा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आणि गंमत पाहा, ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६. ह्या ६४१ ला २ च्या २८ व्या घाताने गुणा. एक तुकडा येतो ६४० चा चौथा घात आणि दुसरा तुकडा, १६ म्हणजे २ चा चौथा घात असल्यामुळे, २ चा ३२ वा घात. ह्या दोहोंच्या बेरजेला ६४१ ने भाग जाणारच. ही दुसरी गोष्ट. दुसरीतून पहिली वजा करा. ६४० चा चौथा घात उडून जातो आणि उरतो २ चा ३२ वा घात अधिक १. तीच आपली सहावी संख्या!

आता पटाचे दाणे पुरते फुटले: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७. सात मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. त्यामुळे ह्या धान्याच्या समान वाटण्या करण्याचे प्रकार होतात १२८, पटाच्या घरांच्या बरोबर दुप्पट. सातही अवयव विषम असल्यामुळे दोघा भावांत मात्र ही रास कधीच सारखी वाटता यायची नाही. एक दाणा कुणाकडे तरी जास्त जाणार, आणि मग कोर्टकचेरी.

फर्माचा अंदाज चुकला म्हणून त्या पाच संख्यांचे मोल काही कमी झाले नाही. ३० मार्च १७९६ रोजी अठरा वर्षांच्या कार्ल फ्रिडरिश गाउसने दाखवून दिले की केवळ पट्टी आणि कंपास घेऊन सतरा बाजूंची नियमित आकृती काढता येते. युक्लिडच्या काळापासून त्रिकोण, पंचकोन आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या आकृत्या तेवढ्या ठाऊक होत्या. दोन हजार वर्षांत ह्यात भर पडली नव्हती. गाउसने त्याचे कारणही दिले, आणि ते कारण पुन्हा ह्याच ३, ५, १७, २५७, ६५,५३७ ह्या संख्यांशी येऊन भिडले. विषम बाजूंच्या ज्या आकृत्या अशा काढता येतात हे ठाऊक आहे त्या सगळ्या मिळून एकतीस, आणि त्यांतली सर्वांत मोठी ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची. आठवले का? अर्ध्या पटावरचे दाणे तितकेच.

राहिला तो फर्माचा सातवा, वीस अंकी आकडा. पटाच्या दाण्यांहून दोनच अधिक. पटाची संख्या आपण वर्गाच्या सूत्राने सरळ फोडत गेलो. ह्याला ते सूत्र लागू पडत नाही, कारण इथे वजाबाकी नसून बेरीज आहे: २ चा ६४ वा घात अधिक १. दोन दाण्यांनी सगळा नूर पालटला. ह्याची कसून तपासणी करायची तर २० कोटी ३२ लक्ष ८० हजार २२१ मूळ संख्यांनी भागावे लागेल. मिनिटाला एक भागाकार, रात्रंदिवस, तर तीनशे शहाऐंशी वर्षे. फर्माच्या पत्राच्या दिवशी कुणी बसला असता, तर अगदी अलीकडे उठला असता.

१८८० साली लाँद्री नावाच्या, ऐंशी ओलांडलेल्या फ्रेंच गृहस्थाने ही संख्या फोडली. २,७४,१७७ गुणिले ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. ह्या वयात माणसे नातवंडांची नावे विसरतात! आणि ह्यावर एक हळहळ लावणारी कहाणी आहे. त्याच्या पंचवीस वर्षे आधी, १८५५ साली, दोर्पातच्या वेधशाळेतल्या टोमास क्लाउसेनने हेच अवयव शोधून गाउसला पत्राने कळवले होते. पत्र जानेवारीचे, फेब्रुवारीत गाउस वारला. ते पत्र इतर कागदांत पडून राहिले आणि विसाव्या शतकात केव्हातरी अभ्यासकांच्या नजरेस आले. लाँद्रीला त्याची वार्ताही नव्हती.

त्याच्या पुढची, आठवी संख्या एकोणचाळीस अंकी. ती फुटायला १९७० साल उजाडले, आणि तेही संगणकाच्या मदतीने. ह्या संगणकांतही, जाता जाता सांगतो, चौसष्ट जागांचा एक खण असतो. प्रत्येक जागेत शून्य किंवा एक. त्या खणात मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे नेमकी आपली पटावरची. सिस्साचा पट आज संगणकाच्या पोटात बसला आहे.

फर्माच्या ओळीतल्या पहिल्या पाच संख्या मूळ. सहावीपासून तेहतिसावीपर्यंतच्या सलग अठ्ठावीस संख्या एकूण एक संयुक्त निघाल्या. म्हणजे त्याचे विधान नुसते चुकले नाही, तर पाचांपुढे आजवर तपासून संपलेल्या संख्यांत एकदाही खरे ठरलेले नाही. पाचांनंतर ह्या ओळीत एकही मूळ संख्या नसावी, असा आज पुष्कळ गणित्यांचा कयास आहे. पण सिद्धता कुणाजवळच नाही. कयास करणारे आता जरा जपूनच बोलतात, फर्माचे काय झाले ते त्यांना माहीत आहे.

चौतिसाव्या संख्येचा निकाल अजून लागलेला नाही. ती मूळ की संयुक्त, कुणी सांगू शकलेले नाही. तिचे अंक २५८ कोटींहून अधिक भरतात. ह्याच ध्वनिक्षेपकापुढे बसून सेकंदाला एक अंक ह्या गतीने ती वाचून दाखवायची म्हटली, तर रात्रंदिवस मिळून ब्याऐंशी वर्षे लागतील.